कारखान्याचें पाणी व धातूंचा जमाखर्च

कारखान्यांच्या सांडपाण्याविषयीं आपणां शेतकऱ्यांची तक्रार बहुतकरून रंगाची किंवा वासाची असते. ओढ्याचें पाणी तांबूस झालें, वर फेंस आला, मासे मेले, म्हणजे आपण चावडीवर जमतों, अर्ज लिहितों. आणि पाणी पुन्हां निवळ दिसूं लागलें कीं तो अर्ज विसरून जातों. परंतु ज्या पदार्थांपासून जमिनीस कायमचा अपाय व्हावयाचा, त्यांस बहुधा रंगही नसतो व वासही नसतो. निकल, तांबें, जस्त, कॅडमियम, शिसें हे धातु अल्प प्रमाणांत विरघळलेले असले म्हणजे पेल्यांतील पाणी पिण्याजोगें दिसतें. हे धातु कुजत नाहींत, जळत नाहींत, उन्हानें उडून जात नाहींत. ते पाण्यांत असतील तर पाण्याबरोबर शेतांत येतात, आणि शेतांत आले म्हणजे तेथेंच राहतात. तेव्हां ते काढावयाचे तर कारखान्याच्या आंतच काढले पाहिजेत. तसें करण्याचें उत्तम साधन आज उपलब्ध आहे. तें कोणतें, त्याची शक्ति किती व मर्यादा कोणत्या, आणि त्यावरून आपण काय मागावें, याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचें येथें योजिलें आहे.

या साधनाचें मूळ शेतांतल्या मातींतच सांपडलें, ही गोष्ट आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत हॅरी स्टीफन थॉम्प्सन नांवाचे एक जमीनदार होते. शेणखतांतील सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून कां जात नाहीं, हा प्रश्न त्यांस पडला. १८४५ च्या सुमारास त्यांनीं मातीच्या थरांतून अमोनियम सल्फेटचें पाणी गाळून पाहिलें. खालीं जें पाणी निथळलें, त्यांत अमोनिया फारसा उरला नव्हता. त्याच्या जागीं चुन्याचा अंश, म्हणजे जिप्सम, उतरलें होतें. हा शोध १८५० सालीं तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि त्याच संस्थेचे रसायनज्ञ जे. टी. वे यांनीं तो पुढें विस्तारानें तपासला. मातीनें एक कण धरला व त्याच्या मोबदल्यांत दुसरा सोडला. पाण्यांतील अशा विद्युत्‌भारित कणांस आयन म्हणतात व या देवघेवीस आयन-विनिमय हें नांव आहे. आपण टाकलेलें खत जमिनींत टिकतें तें बऱ्याच अंशीं याच गुणामुळें.

पुढें १९३५ सालीं इंग्लंडांतच ॲडम्स व होम्स या दोघा शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, मातीचा हा गुण कारखान्यांत तयार केलेल्या कृत्रिम राळेंतही आणतां येतो. ही राळ, जिला सर्वत्र रेझिन म्हणतात, मोहरीएवढ्या किंवा त्याहूनही लहान गोल मण्यांच्या रूपांत मिळते. नळकांड्यांत मणी भरावे, वरून पाणी सोडावें, म्हणजे मणी पाण्यांतील आयन धरतात व आपल्याजवळचे सोडतात. परंतु साध्या राळेंत एक उणीव आहे. ती निवड फारशी करीत नाहीं. आपल्या दख्खनच्या विहिरींचें पाणी बहुधा जड. त्यांत चुना व मॅग्नेशियम पुष्कळ, आणि कारखाना हेंच पाणी वापरतो. त्यांत निकलचा अंश थोडा व चुन्याचा अंश मोठा असल्यास साधी राळ चुन्यानेंच भरून जाते, आणि निकल तसेंच पुढें निघून जातें. यात्रेच्या गर्दीनें धर्मशाळा भरून गेल्यावर ज्याच्यासाठीं ती उघडली तो वाटसरू बाहेरच राहावा, तसा हा प्रकार होय.

ही उणीव चिलेटिंग राळेनें दूर झाली. चिलेट हा शब्द मॉर्गन व ड्र्यू या रसायनज्ञांनीं १९२० सालीं योजिला. त्याचें मूळ खेकड्याच्या नांगीचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दांत आहे. आपल्या वाचकांस हा शब्द परका नाहीं. चिलेटेड झिंक, चिलेटेड फेरस हीं खतें आपण दुकानांतून आणतोंच. त्यांत जस्ताचा किंवा लोहाचा कण एका सेंद्रिय पदार्थाच्या नांग्यांत धरलेला असतो, म्हणून चुनखडीची जमीन तो लगेच अडकवून ठेवूं शकत नाहीं. खतांतील ही नांगी पाण्यांत मोकळी फिरते. चिलेटिंग राळेंत तशाच नांग्या प्रत्येक मण्याशीं घट्ट बांधलेल्या असतात, एवढाच भेद. नेहमींच्या वापरांतील अशा राळेवर इमिनोडायॲसेटिक आम्लाच्या नांग्या असतात. तिची ओढ तांब्याकडे फार, शिसें, निकल, जस्त व कॅडमियम यांच्याकडे पुष्कळ, चुन्याकडे थोडी व साध्या मिठांतील सोडियमकडे नांवापुरती. म्हणून चुन्याच्या गर्दींतूनही ती जड धातु निवडून घेते. पाऱ्यासाठीं गंधकाची नांगी असलेली निराळी राळ वापरतात.

मणी भरले म्हणजे टाकून द्यावे लागत नाहींत. त्यांवरून सौम्य गंधकाम्ल सोडलें कीं नांग्या धातु सोडून देतात. आम्लांत घट्ट झालेलें धातूचें पाणी वेगळें मिळतें व राळ पुन्हां कामास येते. उदाहरणार्थ, धुण्याच्या पाण्यांत लीटरमागें ५० मिलिग्रॅम निकल आहे व लीटरभर राळ ३० ग्रॅम निकल धरते असें धरूं. तर ती लीटरभर राळ ६०० लीटर पाणी निवळ करील, आणि त्या सहाशें लीटरांतलें सारें निकल शेवटीं कांहीं लीटर आम्लांत एकवटेल. अडीच तोळ्यांहून थोडा अधिक असा हा माल कारखानदाराच्या हातीं परत येईल. तो ओढ्यांत गेला असता तर कोणाच्याच हातीं लागला नसता.

हें सर्व केवळ प्रयोगशाळेंतलें कौतुक आहे, असें कोणी म्हणेल तर त्यानें कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांकडे पाहावें. आपल्या देशांतील हे कारखाने पाऱ्याची जुनी पद्धत सोडून आतां पडद्याच्या पद्धतीवर आले आहेत. तींत मिठाचें पाणी एका नाजूक व महाग पडद्याजवळून न्यावें लागतें. त्या पाण्यांत चुना व मॅग्नेशियम राहिले तर पडदा निकामी होतो. म्हणून तें पाणी चिलेटिंग राळेंतून काढून दोहोंचें मिळून प्रमाण दहा कोटी भागांत दोन भाग, इतक्या खालीं आणतात. हें करावें म्हणून त्यांस कोणी नोटीस दिलेली नाहीं. पडदा आपला आहे व तो बिघडल्यास खर्च आपल्यासच बसणार, एवढें कारण त्यांस पुरेसें होतें. तेव्हां हें साधन अशक्य आहे, असें म्हणतां येत नाहीं. ज्या ठिकाणीं नुकसान स्वतःचें, तेथें राळ ताबडतोब बसते. ज्या ठिकाणीं नुकसान खालच्या शेताचें, तेथें ती महाग वाटूं लागते. खरा प्रश्न आहे तो हाच.

आतां मुलामा देण्याच्या कारखान्यांकडे वळूं. कारण पुणें, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांभोंवतीं यंत्रांचे व मोटारींचे सुटे भाग होतात, आणि त्यांवर निकल, जस्त, तांबें, क्रोमियम चढविणारे छोटे छोटे उद्योगही तेथें आहेत. भाग मुलाम्याच्या टांकींतून काढून पाण्यानें धुतात. या धुण्याच्या पाण्यांतच धातु जातो. तो काढण्याची रूढ रीत म्हणजे चुना किंवा कॉस्टिक घालून धातूचा साका खालीं बसविणें. ही रीत स्वस्त आहे व तिचा उपयोगही आहे. पण तिनें धातु पूर्ण जात नाहीं. पाण्यांत अमोनिया किंवा तत्सम पदार्थ असल्यास साका नीट बसत नाहीं. आणि बसलेला साका धोक्याचा कचरा म्हणून तळोजें, रांजणगांव येथें आहेत तशा बंदिस्त खड्ड्यांकडे न्यावा लागतो. कित्येकदां निरनिराळ्या टांक्यांचें पाणी एकत्र करून सामाईक शुद्धीकरण केंद्राकडे पाठवितात. तेथील जंतु सेंद्रिय घाण खातात. धातु खात नाहींत. शिवाय दहा कारखान्यांचें पाणी एकत्र झालें कीं धातु पातळ होतो, त्याची मोजणी अवघड होते व तो कोणाचा हें सांगणें त्याहून अवघड होतें. म्हणून धातु पकडावयाचा तो ज्या टांकींतून निघाला तिच्याच तोंडाशीं, दुसरें पाणी मिसळण्यापूर्वीं पकडला पाहिजे.

यावर कारखानदार म्हणतात, आम्ही कायद्याची मर्यादा पाळतों. तीही मर्यादा पाहूं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टांत नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यास लीटरमागें निकल ३ मिलिग्रॅम, तांबें ३, जस्त ५ व कॅडमियम २ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. उलट संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९८५ सालीं ओलिताच्या पाण्यासाठीं जें कोष्टक दिलें, त्यांत निकल ०.२, तांबें ०.२, जस्त २ व कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ओढ्यांत जें पाणी कायदेशीर, तें ओलितास निकलच्या बाबतींत पंधरा पट व कॅडमियमच्या बाबतींत दोनशें पट जास्त. सोडलेलें पाणी नदीच्या मोठ्या प्रवाहांत मिसळून पातळ होईल, हें अशा मर्यादेमागचें गृहीत. पण चैत्र-वैशाखांत आपल्याकडील कोणत्या ओढ्यास दुसरें पाणी असतें? त्या दिवसांत ओढा म्हणजे कारखान्याचें सांडपाणीच, आणि नेमके तेव्हांच आपले पंप त्यावर बसतात.

हिशेबानें पाहिलें तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. एका हेक्टरास वर्षांत १०,००० घनमीटर पाणी दिलें व त्यांत कायद्यानें चालेल इतकें, म्हणजे लीटरमागें ३ मिलिग्रॅम निकल असलें, तर त्या हेक्टरांत वर्षास ३० किलो निकल पडलें. वरच्या वीतभर थरांतील माती सुमारें २० लाख किलो धरली, तर किलोमागें १५ मिलिग्रॅमची दरसालची भर झाली. दहा वर्षांचा आंकडा वाचकांनींच करून पाहावा. पीक यांतील अत्यल्प भाग उचलतें. बाकी शिल्लक पुढील सालच्या खात्यावर ओढावी लागते.

ती शिल्लक कोठें राहते? थॉम्प्सन यांनीं दाखविलेल्या त्याच देवघेवीनें ती मातींत राहते. कारखान्यानें राळ बसविली नाहीं, तर आपलें शेत त्याची राळ होतें. आपली काळी, चुनखडीची जमीन तर धातु विशेष घट्ट धरते. हा तिचा गुण कांहीं वर्षें आपणांस वांचवितो, कारण घट्ट धरलेला धातु पिकांत लवकर शिरत नाहीं. पण त्याच गुणामुळें धोका दिसत नाहीं व भरणा चालूच राहतो. राळ भरली कीं आम्लानें धुतां येते. शेत आम्लानें धुतां येत नाहीं. राळेचे मणी निकामी झाले तर बदलतां येतात. वडिलार्जित जमीन बदलून मिळत नाहीं. त्यांतही कॅडमियमची गोष्ट सर्वांत वाईट. निकल व तांबें फार झाल्यास पीक स्वतःच पिवळें पडून, खुरटून आपणांस इषारा देतें. कॅडमियम मात्र पीक हिरवेंगार असतांनाच पालेभाजींत व भातांत माणसास बाधेल इतका सांठूं शकतो.

याचा दाखला जपानांत आहे. तेथील कामिओका येथील जस्ताच्या व शिशाच्या खाणींतून निघालेला कॅडमियम जिन्झू नदीच्या पाण्यानें तोयामा प्रांतांतील भातखाचरांत उतरला. तो भात खाऊन व तें पाणी पिऊन लोकांचीं, विशेषतः वयस्क स्त्रियांचीं, मूत्रपिंडें बिघडलीं व हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं, रोग्यांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगास ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, असें नांव पडलें. १९६८ सालीं जपान सरकारनें कारण मान्य केलें. १९७२ सालीं वरच्या न्यायालयांत लोक जिंकले. परंतु निकालानें जमीन निवळली नाहीं. सुमारें ८६० हेक्टर खाचरांत स्वच्छ माती आणून घालावी लागली. तें काम २०१२ सालीं संपलें. त्यास तेहतीस वर्षें लागलीं व चार हजार कोटी येनांवर खर्च झाला. पाण्यांतून धातु काढणें महाग कीं मातींतून, याचें उत्तर येथें मिळतें.

राळेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीं तर आपली मागणी अर्धवट ज्ञानाची ठरेल. मुलाम्याच्या कांहीं टांक्यांत सायनाइड असतें. तें धातूस स्वतःच इतकें घट्ट धरतें कीं राळेच्या नांग्यांस तो सुटत नाहीं. आधीं सायनाइडचा नाश करावा लागतो. विषारी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमेटचा, कण उलट भाराचा असल्यामुळें या नांग्यांत सांपडत नाहीं. त्यास वेगळी राळ किंवा वेगळी पूर्वक्रिया लागते. तेल व गाळ राळेवर चढूं देतां येत नाहीं. पाणी फार आम्ल असल्यास नांग्या धातु धरीतच नाहींत. आणि नळकांडें भरल्यावर वेळीं धुतलें नाहीं, तर धातु गाजावाजा न करतां पुढें निघून जातो. म्हणून दोन नळकांडीं एकामागें एक लावून, पहिलें भरलें कीं दुसऱ्यानें राखण करावी, अशी योजना करतात. सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, धुऊन निघालेलें आम्ल रात्रीं मोरींत सोडलें तर सगळी खटपट पाण्यांत गेली. राळ धातु नाहींसा करीत नाहीं. ती फक्त एका जागीं गोळा करते. पुढचा प्रामाणिकपणा माणसाचा आहे.

खर्चाचा आक्षेपही अगदींच खोटा नाहीं. ही राळ साध्या राळेहून बरीच महाग असते, आणि दोन-चार टांक्यांच्या उद्योगास आम्लाची व्यवस्था, शिकलेला माणूस व मोजणीचें साधन हीं झेपत नाहींत. परत मिळालेल्या निकलनें खर्च नेहमीं भरून निघेल, असेंही नाहीं. परंतु याचा मार्ग आपल्याच ओळखीचा आहे. दोन म्हशींचा धनी दूध थंड करण्याचा कारखाना घालीत नाहीं. संघाची गाडी येऊन दूध नेते. तसेंच वसाहतींतील उद्योगांनीं मिळून एकच केंद्र चालवावें. त्या केंद्राच्या गाडीनें भरलेलीं नळकांडीं न्यावीं व धुतलेलीं आणून द्यावीं. परदेशांत ही पद्धत चालते. सहकारावर साखर कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्रास ती अवघड वाटूं नये.

आतां मागणीविषयीं. महसुली दप्तरांत बरींच वर्षें घालविलेल्या माणसास एक गोष्ट पक्की कळते: ज्याचा जमाखर्च लिहिला जात नाहीं, त्याची गळती कधीं थांबत नाहीं. पाण्याचा एखादा नमुना हा एका क्षणाचा साक्षीदार. आदल्या रात्रीं काय वाहिलें हें तो सांगत नाहीं. वर्षाचा जमाखर्च मात्र सांगतो. कारखान्यानें वर्षांत निकल किती विकत घेतलें, मालावर किती चढलें, राळेंतून किती परत मिळालें, साक्यांतून किती गेलें, हे चार आंकडे मांडले कीं जी तूट उरेल ती कोठें गेली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. यासाठीं नवा कायदाच पाहिजे असें नाहीं. पर्यावरण संरक्षण नियमांतील चौदाव्या नियमाप्रमाणें संमतिपत्र घेणाऱ्या कारखान्यानें दरसाल ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र द्यावयाचें असतें. त्यांत कच्च्या मालाचा वापर व बाहेर सोडलेले दूषित पदार्थ यांचे रकाने आहेतच. तसेंच १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमांतील सहाव्या पोटकलमान्वयें राज्य मंडळानें संमतीच्या अटींचें नोंदणीपुस्तक ठेवावयाचें असून, त्या सांडपाण्याची बाधा ज्यास पोंचते त्यास तें वाजवी वेळीं पाहण्याचा हक्क आहे. सात-बारा पाहण्यास आपण तलाठ्याकडे जातों. हें पुस्तक पाहण्यास कितीजण गेले असतील?

तेव्हां शेतकरी-संघांनीं पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. धातूचें धुण्याचें पाणी प्रत्येक टांकीशीं वेगळें धरून तेथेंच धातु काढावा, व ही अट संमतिपत्रांत असावी. धातूचा वार्षिक जमाखर्च गांवास पाहावयास मिळावा. ज्या ओढ्यावर ओलित होतें, तेथील मर्यादा ओलिताच्या मापानें ठरावी. आणि जिन्झूकांठच्या लोकांनीं १९७२ सालीं करार करून तज्ज्ञांसह खाणींत जाऊन पाहणी करण्याचा जो हक्क मिळविला, तसा हक्क खालच्या अंगास राहणाऱ्या गांवांस मिळावा. तेथें ही पाहणी दरसाल होत आली आहे, आणि नदींतील कॅडमियम आज जवळजवळ नैसर्गिक प्रमाणावर उतरला आहे.

आपल्या बाजूचें कर्तव्यही चुकूं नये. मृद आरोग्य पत्रिकेंत बारा बाबी असतात. त्यांत जस्त, लोह, तांबें, मंगल आहेत, पण निकल, कॅडमियम, शिसें, क्रोमियम नाहींत. पत्रिका चांगली आली म्हणून जमीन निर्धोक, असें समजूं नये. वसाहतीखालच्या ओढ्यावर ज्यांचें शेत आहे त्यांनीं या धातूंची तपासणी मुद्दाम मागून करून घ्यावी. आणि ओढ्याचें पाणी कसलें आहे हें ठाऊक असतांही त्यावर पालेभाजी काढून बाजारांत नेणें, हें कारखानदाराच्या दोषास आपला हातभार लावणें होय. खाणाऱ्याच्या घरीं लहान मूल आहे, हें आपणही विसरतां कामा नये.

पाऊणशें वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांस निकल म्हणजे नाणें एवढेंच ठाऊक होतें. आज तें आपल्या मातींत उतरूं पाहत आहे व त्यास दारांतच अडविणारें साधनही हातीं आहे. तें साधन कारखान्याच्या नळकांड्यांत बसवावयाचें, कीं तेंच काम आपल्या शेताकडून फुकट करवून घेऊं द्यावयाचें, याचा निर्णय लांबणीवर टाकण्याजोगा नाहीं. कारण प्रत्येक ओलिताबरोबर शिल्लक वाढत आहे.